किरकोळ म्हणून लिहिलेली चूक

रविवार, ९ मार्च

चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इथे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण ऑफिसचे तीन जिने अजून चढू देतो. परवा तुझ्या बाबांकडे जाऊन आलो. आईच्या कपाटातले कागद तुम्ही दोघांनी लावायला काढले होते ते अजून पलंगावर तसेच पसरलेले आहेत. मी आवरू लागलो तर म्हणाले, "राहू दे रे, घाई काय आहे?" ते स्वतः बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. पाठ दुखते म्हणाले. पलंग मोकळा करा असं मी म्हटलं नाही.

फोन न करता पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर माझं "हं" आणि "बरं" यापुढे जात नाही. तुझी आई म्हणायची, याला फोन लावणं म्हणजे रिकाम्या नळाखाली बादली लावून बसणं.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला असा, की चार जणांची टीम पहिल्यांदाच तुझ्या हाताखाली आली आहे, तर प्रोजेक्ट कशाने तरतो आणि कशाने बुडतो ते मामा तू सांग, तू जन्मभर टेस्टिंग केलं आहेस. दुसरा प्रश्न कपाटात सापडलेल्या चौकशी अहवालाचा. त्याच्या सातव्या पानावर लिहिलं आहे की बसडेपोच्या सॉफ्टवेअरमधली गंभीर चूक 'किरकोळ' म्हणून नोंदवायला तुझ्या आईने सांगितलं. तू लिहिलंस, "आई असं करेल? तू तिथे होतास. खरं काय ते सांग."

पहिल्याचं उत्तर आधी देतो. ते देता देता दुसऱ्यापाशी पोचेन.

तुला तेव्हाचं फारसं माहीत नसेल. तू बारावीत होतीस आणि आई घरी उशिरा येते एवढंच तुला दिसत होतं. काम असं होतं. शहरात अकरा बसडेपो. कोणत्या ड्रायव्हरने कोणती बस कधी न्यायची हे प्रत्येक डेपोत एक कारकून रोज दुपारी हाताने ठरवायचा. ते आपोआप ठरवणारं सॉफ्टवेअर आम्हाला करायचं होतं. ताई प्रमुख होती आणि चुका शोधायचं काम माझं. बहीणभाऊ एकाच टीममध्ये नकोत असं साहेब म्हणाले होते. ताई म्हणाली, "साहेब, याच्या शोधण्यातून माझीसुद्धा चूक सुटत नाही. लहानपणापासून अनुभव आहे."

ती चार महिने पहिल्या डेपोत जाऊन बसली. तिथल्या ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाला सगळे पेन्सिलकाका म्हणत. टेबलाएवढी वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला विचारलं, "बाई, तुमचं मशीन हुशार असेल हो. पण त्याला सासू आहे का?"

"सासू कशाला?"

"हा बघा, हा ड्रायव्हर दर गुरुवारी मुद्दाम लांबची ड्यूटी मागून घेतो. का? त्याच्या घरी गुरुवारी सासू येते. ड्यूटी जवळची लावली तर दिवसभर माझ्या डोक्याशी बसतो. तुमच्या मशीनला हे कोण सांगणार?"

ताई हसली नाही, तिने ते वहीत लिहून घेतलं. कोणाचे डोळे संध्याकाळनंतर नीट चालत नाहीत पण तो सांगत नाही, कोणत्या दोघांची बोलाचाल बंद आहे, कोणाची आई आजारी आहे, हे सगळं तिने काकांकडून काढून घेतलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये या माहितीसाठी एक रकाना होता आणि त्याचं नाव शेवटपर्यंत 'सासू' असंच राहिलं. त्या डेपोत आमचं सॉफ्टवेअर चाललं आणि छान चाललं. काकांनी आपली वही स्वतःहून कपाटात ठेवली. तेव्हा बिट्टी, माझ्या अनुभवातून तरण्याबद्दल एवढंच सांगता येईल. ज्याचं काम आहे त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लाजू नकोस.

बुडण्याचं लांबलचक आहे. पहिला डेपो चालला आणि साहेबांनी वरच्यांसमोर सांगून टाकलं की उरलेले दहा डेपो पाच महिन्यांत. तारीख आधी ठरली, काम नंतर मोजलं. त्या दहा डेपोंत कोणी खुर्ची टाकून बसलं नाही. रोजच्या मीटिंगमध्ये "झालंच आहे", "होत आलंय" असं सगळे म्हणत आणि कोणी खोटं बोलतोय असं कोणालाच वाटत नसे.

ताईला वाटत होतं. म्हणून तिने एक पद्धत काढली. दर शुक्रवारी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एक हात वर करून बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे तारखेला सगळं नीट होईल अशी खात्री. एक म्हणजे अजिबात नाही. डोळे उघडे फक्त ताईचे, ती मोजणार. एकानेही दोन किंवा त्याहून कमी दाखवली तर तारीख पुढे जाणार, आणि कोणी दाखवली हे ती कोणाला सांगणार नाही. त्या पद्धतीने एकदा तारीख खरंच पुढे गेली होती. साहेब तिच्यावर ओरडले, तिने ऐकून घेतलं, नाव सांगितलं नाही.

जिन्यात मला ती म्हणाली होती, "खरं सांगू का, हे मी तुझ्यासाठी काढलंय. लहानपणी अंगात ताप असला तरी तू बोलायचा नाहीस, मी कपाळाला हात लावून घरात सांगायचे. तोंडातून नाही निघत तर बोटांतून तरी निघू दे."

आज इथेच थांबतो.


सोमवार

ऑफिसातून आलो, चहा घेतला आणि बसलो. काल तुझ्या प्रश्नापर्यंत येऊन उठलो हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

सुरू करायच्या तारखेच्या चार दिवस आधी मला ती चूक सापडली. पहिल्या डेपोत शेवटची बस अकरालाच परत येते. पण दोन डेपो असे आहेत की तिथे ती मध्यरात्रीनंतर येते. मंगळवारची ड्यूटी पाऊण वाजता संपली, तर ती खरं म्हणजे बुधवारी संपली. आमचं सॉफ्टवेअर ती मंगळवारीच पाऊण वाजता संपली असं धरायचं, म्हणजे एक आख्खा दिवस आधी. त्याच्या हिशेबाने त्या ड्रायव्हरची भरपूर झोप झालेली असायची. मग ते त्यालाच पहाटे पाचची बस लावायचं.

ही गंभीर चूक होती. कोणत्याही टेस्टरला विचार.

त्याच दुपारी ताई डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. फार दिवसांनी ती मोकळी दिसत होती. म्हणाली, "सोमवारी सुरू झालं की शुक्रवारपासून पंधरा दिवस रजा. बिट्टीला समुद्रावर नेणार आहे. दोनदा ठरवून मोडलंय, आता ती माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' बोलते. अगदी तुझ्यावर गेली आहे."

मी "बरं" म्हणालो. मग चुकांच्या यादीत ती चूक लिहिली आणि पुढच्या रकान्यात 'किरकोळ' लिहिलं. किरकोळ चुका सुरू झाल्यावर दुरुस्त करतात. ताईकडे फक्त गंभीर असलेल्याच जात. दोनच तर डेपो आहेत, तिथले कारकून यादी बघतील, त्यांच्या लक्षात येईल, हाताने बदलतील आणि आठवड्यात मी दुरुस्त करून घेईन, असं मी मनाशी ठरवलं.

शुक्रवारी आम्ही डोळे मिटले. मी चार बोटं दाखवली.

तर बिट्टी, 'किरकोळ' हे मी लिहिलं. तुझ्या आईने सांगितलं नव्हतं. तिला ती चूक आहे हेच माहीत नव्हतं.

तिचा उतरलेला चेहरा मला बघवला नसता, म्हणून मी असं केलं.


बुधवार

सोमवारी लिहिलेलं शेवटचं वाक्य आज पुन्हा वाचलं. ते खोडणार नाही, पण ते पुरतं खरं नाही. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, त्यामुळे हातून आपोआप उतरलं.

खरं असं. ते दोन डेपो मी दोन महिने आधीच तपासायला हवे होते. भिंतीवर तक्ता होता, अकरा डेपोंची नावं आणि पुढे रिकामी चौकट. तपासून झालं की बरोबरची खूण करायची. त्या दोघांपुढे मी खूण करून ठेवली होती, तपासलं नसताना. आज नाही तर उद्या बघू, आहे तसंच असणार, असं म्हणत. मीटिंगमध्ये मीही "होत आलंय" म्हणणाऱ्यांतलाच होतो. चूक गंभीर म्हणून लिहिली असती तर ताईने पहिल्यांदा विचारलं असतं, "हे डेपो तर कधीच तपासून झाले ना?" त्या प्रश्नाला मी भ्यालो. तुझी सहल मी पांघरायला घेतली. तुझा त्यात काही संबंध नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव.

सोमवारी सॉफ्टवेअर सुरू झालं. मी ज्या कारकुनांच्या भरवशावर होतो त्यांना साहेबांचं पत्रक गेलेलं होतं, की मशीनच्या यादीला कोणी हात लावायचा नाही. एका डेपोतल्या कारकुनाने फोनही केला होता. त्याला सांगण्यात आलं, "सुरुवातीला असं वाटतंच, सवय होईल."

गुरुवारी सकाळी सहाला एक बस फुटपाथवर चढून एका दुकानाच्या शटरवर आदळली. दुकान बंद होतं आणि बसमध्ये तिघेच होते, त्यांना खरचटलं. ड्रायव्हरचं उजवं मनगट मोडलं. चार दिवसांत त्याची मिळून दहा तास झोप झाली होती. मनगट जुळलं, पण पकड आली नाही. बस त्याला पुन्हा चालवता आली नाही.

सॉफ्टवेअर अकराही डेपोंतून काढून टाकलं. पहिल्या डेपोतूनसुद्धा, जिथे ते चालत होतं. पेन्सिलकाकांनी वही परत काढली.

चौकशीला तिघे जण होते. आधी ताईला आत बोलावलं, मी बाहेर बाकावर. तोवर तिने चुकांची यादी बघितलेली होती. खाली माझं नाव होतं. आदल्या दिवशी ती त्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती आणि मी तिची नजर चुकवत फिरत होतो. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. माझ्या शर्टाची कॉलर आत दुमडली होती ती तिने सरळ केली. म्हणाली, "किरकोळ लिहायला मी सांगितलं, असं मी आत सांगितलंय. तुला विचारतील. 'ताईने सांगितलं' एवढंच म्हण. जास्त बोलू नकोस. तसाही तू बोलत नाहीसच."

मी म्हटलं, "ताई, असं नको."

"तुझी नोकरी जाईल. माझी फक्त खुर्ची जाईल. जा आता."

मी आत गेलो. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ताईने सांगितलं."

सातव्या पानावर जे वाचलंस ते असं तिथे आलं. एकजण म्हणाला, "प्रमुखाने सांगितल्यावर हे तरी काय करणार!" आणि मला पाणी दिलं. मी ते प्यायलो.

ताईला जुन्या कागदपत्रांच्या विभागात पाठवलं. तळघरातली खोली, खिडकी नाही. शेवटपर्यंत ती तिथेच होती. रजा तिने घेतलीच नाही. सहल पुन्हा मोडली हे तुला कळलं त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे होतो, स्वयंपाकघरात. बाहेर तू तिला म्हणालीस, "तुला ना घर जमलं ना ऑफिस." मी कपाटाआडून बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तुझा टॉवेल तिने पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मी दोन पावलं पुढे आलो असतो आणि चार वाक्यं बोललो असतो तर तुला ते वाक्य आज बाळगावं लागलं नसतं. त्या वाक्यासाठी तू किती रडली आहेस ते तू पत्रात लिहिलं आहेस. ते तू बोललीस, पण तुझ्या तोंडी ते मी घातलं. ते माझ्या नावावर टाक.

आणखी एक सांगायचं आहे, कारण मी ते लपवलं तर पुन्हा तेच होईल. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या पंधरवड्यात एकदा दुपारी ती जागी होती. मी संत्र्याच्या फोडी सोलत होतो. ती म्हणाली, "तुझं चौथं बोट खोटं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. तू खरी चार दाखवतोस तेव्हा हात ताठ असतो. त्या दिवशी कोपर टेबलावर होतं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. मलाही सोमवार हवा होता ना. मी चार मोजली." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणून म्हणते, मी त्यांना अगदी खोटं नाही सांगितलं."

हे मला अजून पटत नाही. तिला शंका आली आणि तिने विचारलं नाही, ही तिची चूक. पण मला माहीत होतं. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. तुझ्या आईला देवी करून ठेवू नकोस, तशी ती तुला आवडणार नाही. पण सातव्या पानावर जी बाई आहे ती तुझी आई नाही.

ती गेल्यावर आठ महिने मी रोज ठरवत होतो की तुला सांगायचं. ती होती तोवर तिच्या शब्दाचं निमित्त होतं. ती गेल्यावर निमित्तही उरलं नाही, तरी सांगितलं नाही. तू कागद घेऊन विचारलंस तेव्हा सांगतो आहे. आपणहून सांगितलं असं मला म्हणता येणार नाही.


शुक्रवार

काल ऑफिसात रीतसर लेखी दिलं, माझ्या सहीने. अहवालातलं सातवं पान चूक आहे, तक्त्यावरच्या दोन खुणा खोट्या होत्या, 'किरकोळ' मी स्वतः लिहिलं आणि चौकशीत खोटं बोललो. नव्या साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "सहा वर्षांनी? आणि बाई तर आता..." मी म्हटलं, हो. "तुमची निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत ना हो?" मी म्हटलं, हो. बघतो म्हणाले. पोच घेतली आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे. ती अहवालाच्या आत ठेव.

तुझ्या टीमचं पहिलं काम तपासायला दोन आठवडे येऊन राहा असं तू लिहिलं आहेस. खोलीही ठरवून ठेवली आहेस. हे सगळं वाचल्यावर मला बोलवावं की नाही ते तू ठरव. बोलावलं नाहीस तर मी कारण विचारणार नाही. तपासायला मात्र असं माणूस घे जे तुझ्यावर फार माया करत नाही, आणि तक्त्यावर खूण झाली की त्याला म्हण, दाखव.

आज सकाळी त्या ड्रायव्हरकडे गेलो होतो. हे पत्र पाठवण्याआधी जायचं असं ठरवलं होतं, म्हणजे मग मागे फिरता येणार नाही. तो आता डेपोच्या फाटकावर असतो, येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर डाव्या हाताने लिहितो. तुला माहीत नसेल, ताई दर महिन्याला त्याला भेटायला जायची, आजारी पडेपर्यंत. पहिल्या भेटीत त्याने तिला दारातूनच हाकललं होतं आणि ती पुढच्या महिन्यात पुन्हा गेली होती. तिला स्मशानात नेलं त्या दिवशी तो आला होता, मागे उभा होता, माझ्या शेजारीच.

त्याने मला ओळखलं. "बाईंचे भाऊ ना? या, बसा." खोक्यावरची वही उचलून त्याने मला जागा करून दिली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्येच तीन बस आत आल्या, प्रत्येक वेळी "थांबा हं" म्हणून त्याने नंबर लिहिला आणि मी थांबलो.

माझं सांगून झालं तेव्हा त्याने पेन वहीत ठेवलं. मग म्हणाला, "पहिले दोन महिने मी बाईंना नाही नाही ते बोललो. आईबहिणीवरून बोललो. त्या खाली मान घालून ऐकायच्या." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी म्हटलं, "इथेच होतो."

बस आली, त्याने नंबर लिहिला. मी निघालो.

आता तिथून येऊन हे लिहितो आहे. पाकीट तयार आहे, तिकीट लावलं आहे. जेवत जा वेळेवर. बाबांना आठवड्यातून एकदा तरी फोन कर, ते म्हणत नाहीत पण वाट बघतात.

खाली काय लिहू ते बराच वेळ सुचत नव्हतं. तू मला ज्या नात्याने हाक मारतेस ते हे वाचून झाल्यावर ठेवायचं की नाही हे तुझ्याकडे आहे. माझ्याकडे जेवढं उरलं आहे तेवढं लिहितो.

तुझ्या आईचा धाकटा भाऊ